यंत्राने कारण सांगितले पाहिजे

सरकारी योजनेचा लाभ कोणाला द्यावा, कोणाचा थांबवावा आणि कोणाला यादीतून वगळावे, हे ठरविण्याचे काम गेल्या दहा-पंधरा वर्षांत माणसाच्या हातून निघून यंत्राच्या हाती गेले आहे. मुंबई-पुण्यात या स्थित्यंतराची चर्चा होते ती वेग, पारदर्शकता आणि बचत या तीन शब्दांत. एटापल्लीसारख्या तालुक्यात ती एका वाक्यात संपते: “सिस्टीममध्ये तसेच दाखवते.” रोजगार हमीची मजुरी का आली नाही, रेशनच्या यादीतून नाव का गेले, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान का थांबले, प्रश्न कोणताही असो, उत्तर हेच. हे उत्तर देणारा कारकून खोटे बोलत असतो असे नाही. पडद्यावर दिसते त्याहून अधिक त्यालाही ठाऊक नसते. म्हणजे निर्णय झाला आहे, त्याचा फटका बसला आहे, परंतु निर्णयाचे कारण विचारणाऱ्याजवळही नाही आणि सांगणाऱ्याजवळही नाही. लोकशाहीत ही स्थिती चालू शकते काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नावर दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिले सरकारचे. यंत्राला जात नसते, नातेगोते नसते, ते लाच घेत नाही. तेव्हा जनतेने त्यावर विश्वास ठेवावा. दुसरे उत्तर आपल्याच काही तरुण साथींकडून ऐकू येते. यंत्र हे मुळातच शोषणाचे हत्यार आहे, ते हटवा आणि जुना कागद परत आणा. आमच्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिल्यात विश्वास मागितला आहे, पण तो ठेवण्याचा आधार दिलेला नाही. दुसऱ्यात जुन्या कागदाचा इतिहास विसरला गेला आहे.

कागदाचा खोटेपणा आणि यंत्राचा

तो इतिहास महाराष्ट्राने विसरू नये. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. काम मागण्याचा हक्क कायद्याने मान्य करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. परंतु त्याच योजनेच्या हजेरीपटावर मेलेल्यांची नावे चढली, कामावर न आलेल्यांचे अंगठे उमटले आणि मजुराच्या हातात पडायची रक्कम मुकादमाच्या खिशात अडकली. पुढे मजुरी थेट बँकेच्या आणि टपालाच्या खात्यात जमा होऊ लागली, तेव्हा त्या बदलाचे स्वागत आपणच केले होते. ते योग्यच होते. हिशेब ठेवणाऱ्या यंत्राशी श्रमिकाचे वैर नाही.

मात्र त्या जुन्या हजेरीपटात एक गुण होता. तो वाचता येत होता. डिसेंबर १९९४ पासून राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाया घेतल्या. त्यांत केले काय? हजेरीपट आणि बिले मिळवून गावासमोर मोठ्याने वाचली. नाव उच्चारताच लोक उठून सांगू लागले की हा तर कधी कामावर आलाच नव्हता, हे बांधकाम तर झालेलेच नाही. जमलेल्यांतील अनेकांना अक्षर येत नव्हते. तरीही त्यांनी हिशेब तपासला, कारण हिशेब त्यांच्या ओळखीच्या नावांत आणि आकड्यांत होता. त्यातूनच माहितीच्या अधिकाराची देशव्यापी चळवळ वाढली. कागद खोटे बोलत होता, पण लोकांना पकडता येईल अशा भाषेत. आजचे यंत्र पुष्कळदा खरे बोलते. ते चुकते तेव्हा मात्र ज्याचे नुकसान होते त्याला ती चूक पकडता येत नाही, आणि सारा फरक येथे आहे.

एका शब्दाची किंमत

उदाहरण घेऊ. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजना २००६ मध्ये प्रथम ज्या २०० जिल्ह्यांत लागू झाली त्यांत गडचिरोली आणि चंद्रपूर होते. १ जानेवारी २०२४ पासून या योजनेची मजुरी केवळ आधारवर आधारित पद्धतीने देणे बंधनकारक झाले. या पद्धतीत पैसे मजुराने सांगितलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. त्याच्या आधार क्रमांकाला जे खाते सर्वांत शेवटी जोडले गेले असेल, त्या खात्यात जातात. कोणते खाते जोडलेले आहे याची नोंद राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या, तक्त्यात असते. मजुराने तो तक्ता कधी पाहिलेला नसतो. २०१७ मध्ये लक्षावधी गॅसग्राहकांचे अनुदान त्यांना न कळत एअरटेल पेमेंट्स बँकेत उघडलेल्या खात्यांत वळले आणि डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाला त्या कंपनीवर कारवाई करावी लागली. ते घडले याच कारणाने.

आता मजुरी परत गेली की यंत्र जी कारणे दाखविते त्यांतील एक नेहमीचे कारण म्हणजे ‘इनॲक्टिव्ह आधार’. शब्द इंग्रजी. मजुराला कोणी त्याचा अर्थ सांगितलाच तर तो ‘तुमचे आधार बंद आहे’ असा सांगितला जातो. मजूर आधार केंद्रावर जातो. तेथे अंगठा लागतो, आधार चालू असते. तो परत ग्रामपंचायतीत येतो, ग्रामरोजगार सेवक त्याला बँकेत पाठवतो, बँक म्हणते खाते चालू आहे. वास्तविक बिघाड बहुधा आधारमध्येही नसतो आणि खात्यातही नसतो. त्या दोहोंची जोडणी एनपीसीआयच्या तक्त्यात तुटलेली असते आणि ती दुरुस्त करण्याचे काम बँकेचे असते. “तुमचे आधार या बँक खात्याला जोडलेले नाही, बँकेत जाऊन जोडणीचा अर्ज द्या,” एवढे एक वाक्य यंत्राने सांगितले असते तर एका खेपेत काम झाले असते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या खेपांचा हिशेब मांडल्यावाचून राहणार नाही. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात या योजनेची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. सहा दिवसांचे १,८७२ रुपये होतात. ते सोडविण्यासाठी गट्टा किंवा जारावंडीच्या बाजूच्या मजुराला तीनदा तालुक्याला यावे लागले, तर तीन दिवसांची मजुरी, म्हणजे ९३६ रुपये बुडाले. प्रवासाचे भाडे वेगळे. कमावलेल्या मजुरीपैकी निम्मी रक्कम न सांगितलेल्या एका वाक्यापायी गेली. शासनाच्या अहवालात थेट हस्तांतरणामुळे झालेल्या बचतीचे आकडे असतात, त्यांत हे ९३६ रुपये कोठेच नसतात. कारण सांगण्याचा खर्च शासनाने वाचविला आणि तो मजुराच्या माथी मारला, असाच याचा अर्थ होतो.

माहितीचा ढीग म्हणजे माहिती नव्हे

यावर उत्तर येते की माहिती तर सारी खुली आहे. हे खोटे नाही. रोजगार हमीच्या संकेतस्थळावर प्रत्येक गावाची, प्रत्येक हजेरीपटाची, प्रत्येक जॉबकार्डाची नोंद ठेवली गेली. इतका तपशील जगातील थोड्याच सरकारांनी उघडा केला असेल. परंतु तक्त्यामागे तक्ता, संक्षेपांमागे संक्षेप, आणि त्यांतील बहुतेक मजकूर इंग्रजीत. माडिया बोलणाऱ्या मजुराला मराठीच दुसरी भाषा आहे, तेथे इंग्रजी संक्षेपांचा हा ढीग त्याच्यापुढे ओतणे आणि त्याला काहीच न सांगणे यांत व्यवहारात फरक उरत नाही. लपविण्याचे दोन मार्ग असतात. एक, काहीच न दाखविणे. दुसरा, इतके दाखविणे की हवे ते सापडू नये. दुसऱ्या मार्गाला पारदर्शकता हे नाव मिळते म्हणून तो अधिक फसवा.

वास्तविक कायद्याने हा प्रश्न २००५ मध्येच सोडविला आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलम सांगते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना दिली पाहिजेत. अर्ज केल्यावर नव्हे, स्वतःहून. तेच कलम पुढे सांगते की माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा आणि त्या भागात पोहोचण्याचे सर्वांत परिणामकारक साधन यांचा विचार झाला पाहिजे. निर्णय कारकुनाने घेतला तर कारण द्यावे आणि यंत्राने घेतला तर देऊ नये, असा अपवाद त्या कलमात नाही.

थोडके सांगणे पुरेसे असते, पण ते नेमके असले पाहिजे. या बाबतीत ‘लाडकी बहीण’ योजनेचा धडा ताजा आहे. २०२५ मध्ये या योजनेतील स्त्रियांना मोबाइलवर ई-केवायसी करण्यास सांगितले गेले. त्यात एक विधान होते. त्याचा आशय असा की माझ्या कुटुंबातील कोणी कायम सरकारी नोकरीत नाही. पुढे दोनच पर्याय, होय किंवा नाही. आता मराठी माणसाची रीत पाहा. “घरी कोणी नोकरीला नाही ना?” असे विचारले तर आपण सहज म्हणतो, “नाही.” म्हणजे कोणी नाही. यंत्राने त्या ‘नाही’चा अर्थ उलटा घेतला: विधान खरे नाही, अर्थात घरी सरकारी नोकर आहे. असंख्य गरीब स्त्रियांची नोंद अशी चुकली आणि पुढे अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचे सरकारला ठरवावे लागले. येथे स्त्रिया अडाणी ठरत नाहीत. प्रश्न लिहिणाऱ्याने तो ज्यांना विचारायचा त्यांच्यापैकी दहाजणींना आधी विचारून पाहिला असता तर हा घोळ झाला नसता. लोकांना यंत्र शिकविण्याआधी यंत्राला लोकांची भाषा शिकविली पाहिजे.

तराजूचा न्याय

मग किती सांगावे? हा प्रश्न खरा आहे. प्रत्येक मजुराला सर्व्हर, तक्ते, आदेश आणि नियम यांची सारी साखळी समजावून सांगणे शक्य नाही आणि तशी त्याची मागणीही नाही. याचे उत्तर आपल्याला एका जुन्या यंत्रात सापडते. ते यंत्र म्हणजे तराजू.

तरफेचा सिद्धांत ठाऊक असलेले ग्राहक बाजारात किती असतील? तरीही तराजूवर आपण विश्वास ठेवतो, आणि तो आंधळा नसतो. त्याला तीन आधार असतात. रिकामी पारडी समतोल आहेत हे माल घालण्याआधी डोळ्यांना दिसते. वजनावर वैधमापन निरीक्षकाचा शिक्का असतो, म्हणजे आपल्या वतीने जाणकाराने ते तपासलेले असते. आणि संशय आला तर “पुन्हा मोज” म्हणण्याचा हक्क असतो. या तीन गोष्टी असल्या की तरफेचे गणित न येताही माणूस यंत्राचा गुलाम राहत नाही. त्यांपैकी एक जरी काढून घेतली तरी तोच तराजू सावकाराचे हत्यार बनतो, हे आदिवासी भागाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. तेंदूपानाच्या हंगामात ७० पानांचा पुडा बांधणाऱ्या बाईला बाजारभावाचे अर्थशास्त्र कोणी शिकविलेले नसते. पण आपले पुडे किती आणि शेकड्याला दर काय हे तिला पक्के ठाऊक असते, म्हणून फळीवर हिशेबात कोणी गफलत केली की ती तेथेच अडवते. आजचे यंत्र तिच्यापासून हीच अडवण्याची ताकद काढून घेत आहे.

तेव्हा तराजूचाच न्याय येथे लावावा. ज्याचा लाभ थांबला त्याला तीन वाक्ये मिळावीत: काय ठरले, कोणत्या कारणाने ठरले, आणि ते दुरुस्त करण्यासाठी कोणाकडे, किती दिवसांत जायचे. त्याहून अधिक त्याच्यावर लादू नये. ग्रामसभेला आणि मजुरांच्या संघटनेला तो निर्णय ज्या नियमावरून झाला तो नियम मराठीत मिळावा. आणि तो नियम यंत्रात जसाच्या तसा उतरला आहे की नाही, हे शासनाच्या दावणीला न बांधलेल्या तपासनिसाने पाहावे. प्रत्येकाने सारे जाणावे असे नाही. प्रत्येक पातळीवर जाब विचारता यावा, इतके मात्र हवेच.

मधली पातळी, म्हणजे नियमाची पातळी, किती महत्त्वाची आहे ते विलंब-भरपाईच्या उदाहरणावरून दिसते. रोजगार हमीची मजुरी हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मिळाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला थकलेल्या रकमेच्या ०.०५ टक्के भरपाई, असा नियम होता. वर सांगितलेल्या १,८७२ रुपयांवर हे दिवसाला ९४ पैसे होतात. महिनाभर उशीर झाला तर २८ रुपये. तेवढेही संगणकच मोजणार होता. परंतु त्याने मोजला तो स्थानिक कचेरीने निधी हस्तांतरणाचा आदेश काढीपर्यंतचा विलंब. त्यानंतर केंद्राच्या पातळीवर पैसे अडले तर ते दिवस हिशेबात धरलेच जात नव्हते. यंत्र बिघडलेले नव्हते. सांगितले तसेच ते चालत होते, आणि दिल्लीचा उशीर मोजू नको असेच त्याला सांगितलेले होते. एकट्या मजुराला हे कधीच कळले नसते. नियम वाचणाऱ्या संशोधकांनी आणि संघटनांनी तो शोधला, आणि मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या खटल्यात केंद्राच्या पातळीवरचा विलंबही भरपाईस पात्र असल्याचे स्पष्ट केले. यंत्र निःपक्षपाती असते असे म्हणणाऱ्यांनी या प्रकरणाचा विचार करावा. मालकाने आपला उशीर न मोजणारे घड्याळ बसविले, तर घड्याळाला निःपक्षपाती कसे म्हणावे?

हा रोग भारतापुरता नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ पासून बेकारभत्ता व तत्सम मदत घेणाऱ्यांकडून ‘जादा दिलेली रक्कम’ वसूल करण्याचे काम संगणकाकडे दिले गेले. संगणक काय करी? माणसाच्या वर्षाच्या उत्पन्नाला २६ ने भागून पंधरवड्याचे सरासरी उत्पन्न काढी, आणि ज्या पंधरवड्यात त्याने मदत घेतली तेव्हाही तो तेवढे कमावत होता असे गृहीत धरी. सहा महिने काम आणि सहा महिने बेकारी असलेला मजूर या गणिताने फसवणूक करणारा ठरला. लक्षावधी लोकांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. अखेर २०२० मध्ये सरकारला वसूल केलेली रक्कम परत देण्याचे मान्य करावे लागले आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाने या योजनेवर कठोर ताशेरे ओढले. त्या नोटिशीवर “आम्ही तुमचे वर्षाचे उत्पन्न २६ ने भागले आहे” एवढे ठळक वाक्य असते, तर ज्याला नोटीस मिळाली त्यानेच पहिल्या दिवशी चूक दाखविली असती. उन्हाळ्यात मोह आणि तेंदू, पावसाळ्यात धान, मध्ये जमेल ती मजुरी, अशा हंगामी उत्पन्नावर जगणाऱ्या एटापल्लीच्या माणसाला सरासरीचे हे गणित लावले तर काय होईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

यंत्रामागचा माणूस

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जनतेने यंत्रावर विश्वास ठेवावा असे सांगणारे शासन स्वतः त्यावर कितपत विश्वास ठेवते? १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मोबाइल ॲपवरून दिवसातून दोनदा छायाचित्रे काढून हजेरी घेणे जवळजवळ सर्वत्र बंधनकारक झाले. जेथे नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते तेथे छायाचित्र चढले नाही म्हणून केलेल्या कामाची हजेरी बुडण्याची भीती मजुरांना बाळगावी लागली. इतके करून चोरी थांबली काय? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळविले की ॲपवर भलतीच छायाचित्रे चढत आहेत, छायाचित्राचेच छायाचित्र काढले जात आहे, तेव्हा ग्रामपंचायत पातळीवर ती सारी माणसांनी तपासावीत. म्हणजे ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला यंत्राबद्दल शंका येताच माणूस मदतीला मिळतो. ज्याच्याकडे सत्ता नाही त्याने मात्र पडद्यावरचा शब्द अंतिम मानायचा.

आणि मदतीला येणारा हा माणूस तरी कोण? अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामरोजगार सेवक. तुटपुंज्या मानधनावर राबणारी ही मंडळी. यंत्राची चूक निस्तरण्याचे आणि लोकांचा राग झेलण्याचे काम त्यांच्याकडे, परंतु ती चूक दुरुस्त करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. मजूर आणि ग्रामरोजगार सेवक यांना समोरासमोर भांडायला लावून निर्णय घेणारा दूर राहतो. आपल्या कार्यकर्त्यांनी या सापळ्यात सापडू नये. या सेवकांना आपल्या लढ्याचे साथीदार मानावे.

आक्षेप आणि मागण्या

कारण सांगण्याच्या मागणीला तीन आक्षेप घेतले जातात. लबाड लोकांना कारणे कळली तर ते पळवाट काढतील, हा पहिला. परंतु मोठ्या लबाडांना पळवाटा आधीच ठाऊक असतात. ठाऊक नसतो तो प्रामाणिक माणसाला आपला हक्क. खर्च वाढेल, हा दुसरा. सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिज मोजून ट्रकमागून ट्रक बाहेर नेण्याइतकी यंत्रणा ज्या तालुक्यात उभी राहू शकते, तेथे मजुराच्या सहा दिवसांच्या हजेरीचे कारण तीन वाक्यांत सांगण्याची यंत्रणा परवडत नाही, हे कोणी मान्य करावे? लोक अशिक्षित आहेत, त्यांना समजणार नाही, हा तिसरा आणि सर्वांत जुना आक्षेप. मताधिकार देतानाही तो घेतला गेला होता.

त्याचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यातच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हे एका दिवसात झाले नाही. त्यामागे कित्येक वर्षे चाललेला अभ्यासगट होता. विषय घ्यायचा, गावाच्या भाषेत तो सोडवायचा, जाणकाराला बोलावून प्रश्न विचारायचे आणि सर्वांना समजेपर्यंत निर्णय घ्यायचा नाही, ही त्यांची रीत. वनकायद्यासारखा क्लिष्ट विषय ज्या माणसांनी पचविला, त्यांना ‘जोडणी तुटली आहे’ हे समजणार नाही?

म्हणून आमच्या मागण्या अशा. लाभ नाकारणाऱ्या वा थांबविणाऱ्या प्रत्येक निर्णयासोबत तीन वाक्यांचे कारण मराठीत छापून मिळावे, आणि ग्रामसभेत ते माडिया-गोंडीतून सांगण्याची व्यवस्था व्हावी. कारण दिल्याखेरीज कोणाचाही लाभ थांबविता येऊ नये. प्रत्येक तालुक्याला यंत्राचा निर्णय बदलण्याचा अधिकार असलेला एक अधिकारी असावा, आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली या दुरुस्तीला मुदत ठरावी. लोकांना विचारायचा प्रत्येक नवा प्रश्न आणि नवा अर्ज आधी चार-दोन गावांत वाचून तपासावा. आणि अनुसूचित क्षेत्रात ‘पेसा’ कायद्याने ग्रामसभेला लाभार्थी निवडण्याचा जो अधिकार १९९६ पासून दिला आहे, त्याच्या आड यंत्राची यादी येऊ नये. ग्रामसभा म्हणते हा माणूस जिवंत आहे आणि यंत्र म्हणते मेला आहे, तर शब्द ग्रामसभेचा मानावा.

या मागण्या आज निकडीच्या झाल्या आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाची जागा घेणारा, ‘विकसित भारत’ या नावाने सुरू होणारा नवा ग्रामीण रोजगार कायदा संमत केला. त्यात वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांचे आश्वासन आहे. त्याचबरोबर बायोमेट्रिक ओळख आणि गैरप्रकार हुडकण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता यांचीही तरतूद आहे. आजवरचे यंत्र निदान ठरलेल्या नियमाने चालत होते. यापुढे कोण संशयास्पद आहे याचा अंदाज यंत्र बांधणार. अंदाजाचे कारण विचारण्याचा हक्क आताच मिळविला नाही, तर पुढे तो मागण्यासाठी पडद्यावर कारणाचा इनॲक्टिव्ह शब्दही उरणार नाही.

कार्यकर्त्यांनी शासनाची वाट पाहत बसू नये. एटापल्ली, भामरागड, अहेरीच्या गावांत महिन्यातून एक संध्याकाळ परत गेलेल्या मजुरीच्या यादीला द्यावी. ती मोठ्याने वाचावी. प्रत्येक नावापुढचे इंग्रजी कारण सोप्या भाषेत सांगावे आणि गावातील दोन तरुण मुली-मुलांना ते सांगण्यात तरबेज करावे. एका वेळी एकच यादी, एकच शब्द, एकच दुरुस्ती. सारे एकदम शिकविण्याचा अट्टहास करू नये. त्याने लोक दमतात आणि पुढच्या सभेला येत नाहीत. दुरुस्त झालेल्या एका मजुरीने जे कळते ते दहा भाषणांनी कळत नाही.

लोकांनी यंत्रावर विश्वास ठेवावा हे आमचे उद्दिष्ट नाही. कोणत्या यंत्रावर, कोठवर आणि कोणाच्या जबाबदारीवर विश्वास ठेवायचा हे लोकांनी स्वतः ठरवावे, हे आमचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी आरंभी एवढेच हवे आहे की “सिस्टीममध्ये तसे दाखवते” या उत्तरानंतर मजुराने खिडकीपासून हलू नये, आणि शांतपणे पुढचा प्रश्न विचारावा: का दाखवते, आणि ते बदलणार कोण?